समुपदेशक कुणाचा?

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. विशाखापट्टणममध्ये राहून नीटची तयारी करणाऱ्या 17 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं हे प्रकरण. तपास सीबीआयकडे सोपवून न्यायालय थांबलं नाही. कायदा होईपर्यंत देशभर बंधनकारक राहतील अशा 15 सूचना त्याने शिक्षणसंस्थांना घालून दिल्या. त्यातल्या एका सूचनेप्रमाणे 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधायचं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यातल्या 1,764, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त, महाराष्ट्रातल्या आहेत. तेव्हा ही सूचना आपल्याला लागू नाही असं म्हणायची सोय महाराष्ट्राला तरी नाही.

निकाल आला तेव्हा आमच्या व्यवसायात आनंद झाला. का होऊ नये? बेंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण 7.3 टक्के आढळलं होतं. साठ मुलांच्या तुकडीत चार मुलं. ती चार कोणती हे ओळखायला शाळेत कुणी नसतं, आणि वर्गशिक्षकांना ओळखू आलीच तर पुढे कुठे न्यायचं हे माहीत नसतं. त्यामुळे नेमणूक व्हावी याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. नेमायचा कुणी, त्याने ऐकायचं कुणाचं आणि शाळेत त्याचा शब्द कुठवर चालायचा? माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना माझं असं मत झालं आहे की या कामाचा उपयोग माणसाच्या पदवीपेक्षा त्याच्या शाळेतल्या स्थानावर जास्त अवलंबून असतो. स्थान चुकलं तर उत्तम शिकलेला माणूसही शाळेची एक सोय होऊन बसतो.

सोय कशी होते ते सांगते. समुपदेशकाकडे दोन वाटांनी मुलं येतात. पहिल्या वाटेने येतात ती पाठवलेली. 'मॅडम, याला जरा समजवा' असं म्हणून शिक्षक दारापर्यंत आणून सोडतात. बहुतेक वेळा हा मुलगाच असतो, बहुतेक वेळा नववीतला, आणि त्याच्याबद्दलचा निकाल शिक्षकखोलीत आधीच लागलेला असतो: वांड आहे, उलट बोलतो, अभ्यासात लक्ष नाही. म्हणजे शिक्षेच्या आणि दाखला हातात देण्याच्या मधल्या पायरीवर समुपदेशक बसवलेला असतो. दुसऱ्या वाटेने मुलं आपणहून येतात, मधल्या सुट्टीत, आणि क्वचितच एकटी. मैत्रीण पुढे असते आणि बोलतेही तीच. 'हिला तुमच्याशी बोलायचंय' म्हणते. जिला बोलायचं असतं ती पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढत असते. घरातलं पिणं, आईवडिलांची रोजची भांडणं, कुणीतरी इन्स्टावर टाकलेला फोटो, पाळी चुकल्याची भीती, दहावीला नव्वद टक्के पडले नाहीत तर काय याची भीती. या दुसऱ्या वाटेवर वर्दळ असेल तर शाळेत समुपदेशन चाललं आहे असं समजावं. फक्त पहिली वाट वाहती असेल तर तिथे शिस्तीचंच काम मऊ आवाजात चाललेलं असतं.

अर्थात पाठवलेल्या मुलाशी बोलून काहीच होत नाही असं नाही. वांड म्हणून पाठवलेल्या मुलापुढे मी आजकाल आधी पाठ्यपुस्तकातला एखादा परिच्छेद ठेवते. सातवी-आठवीच्या पुस्तकातला, दहा ओळींचा. कितीतरी वेळा उलगडा तिथेच होतो. मुलगा जोडाक्षरांवर अडखळतो, ओळ चुकतो, अंदाजाने शब्द ठोकून देतो. आठवीपर्यंत वर चढत आलेला हा मुलगा धड वाचू शकत नाही, आणि हे वर्गात उघड होऊ नये म्हणून त्याने वात्रटपणाचं सोंग घेतलेलं असतं. वाचायला उभं केलं की काहीतरी विनोद करायचा, वर्गाबाहेर काढून घ्यायचं, सुटायचं. याच्या रागावर मी सहा महिने काम करत बसले तर तो राग योग्यच आहे एवढंच शेवटी कळेल. त्याला अध्ययन अक्षमतेची तपासणी हवी असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता मान्य केलेली आहे आणि राज्य मंडळ अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देतं. पण तपासणीसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात, त्यासाठी रोजंदारी बुडवावी लागते, आणि 'माझा मुलगा मंद नाही' हे बापाचं वाक्य ओलांडावं लागतं. मग दहावीचा फॉर्म भरायच्या तोंडावर, सवलत हुकेल म्हणून, सगळ्यांना एकदम घाई होते. या सगळ्यात मन मोकळं करण्याचा भाग किती? थोडाच. बराचसा भाग शाळेला तिने सात-आठ वर्षं न पाहिलेली गोष्ट दाखवून देण्याचा. शाळेच्या पगारावरच्या, अकरा महिन्यांच्या करारावरच्या माणसाला हे दाखवून देणं किती परवडतं, हा स्थानाचा प्रश्न आहे.

गोपनीयतेचंही तसंच. समुपदेशनाच्या पुस्तकात गोपनीयतेवर एक धडा असतो. शाळेत तो धडा रोज दाराशी येऊन उभा राहतो. 'काय म्हणाली ती?' मुख्याध्यापक हे कुत्सितपणे विचारत नाहीत. उद्या काही झालं तर पालक, पत्रकार आणि संस्थाचालक त्यांच्याच टेबलापुढे येणार आहेत. शिवाय काही गोष्टी मी लपवूच शकत नाही. मुलीच्या जिवाला धोका वाटला तर सांगावं लागतं. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अत्याचाराच्या बाबतीत हा नियम हवाच. शाळांनी अब्रूसाठी प्रकरणं किती दाबली आहेत हे आपण पाहिलं आहे. पण संमतीचं वय अठरा असल्याने सोळा वर्षांची मुलगी आपल्या मित्राबद्दल बोलायला लागते तेव्हाही तेच कलम माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन बसतं. म्हणून पहिल्याच भेटीत, तिने तोंड उघडायच्या आधी, मी सांगते: या या गोष्टी मी माझ्याजवळ ठेवू शकणार नाही. काही मुली हे ऐकून उठून जातात. त्यांना जाऊ द्यावं लागतं. मात्र कायद्याने उघड करायला लावलेल्या या दोन-तीन गोष्टी सोडल्या तर बाकी वहीत काय लिहायचं आणि ती वही कुणी उघडायची, हे शाळेच्या मर्जीवर असू नये. बऱ्याच ठिकाणी ते मर्जीवरच असतं.

आता पुराव्याकडे येते, कारण माझ्या अनुभवाला एकट्याला मी फार किंमत देणार नाही. या विषयावरचा आपल्या देशातला सर्वांत बोलका प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यात झाला. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने आणि मुंबईत वाढलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्यासह तिच्या संशोधकांनी तो केला आणि 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत वाटल्या गेल्या. एका गटात 'सेहर' नावाचा कार्यक्रम चालवायला बाहेरून एक माणूस नेमला, मानसशास्त्राचा तज्ज्ञ नसलेला, प्रशिक्षण दिलेला. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्या गटात यातलं काही नव्हतं. जिथे बाहेरचा माणूस होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. जिथे तेच काम शिक्षकाने केलं तिथे हा कार्यक्रम नसलेल्या शाळांच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट करायची खोड आहे. नवं काम आलं की आहे त्याच शिक्षकाला त्याचा चार्ज द्यायचा, दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, फोटो वर पाठवायचा. समुपदेशनाचंही तेच होत आलं आहे आणि न्यायालयाच्या सूचनेचंही तेच होईल अशी मला भीती आहे. नालंदाच्या निष्कर्षाचा अर्थ शिक्षक नालायक असतात असा कुणी काढू नये. उलट मुलातला बदल सर्वांत आधी शिक्षकालाच दिसतो. चांगला वर्गशिक्षक नुसत्या हजेरीपटावरून सांगतो की या मुलीच्या घरी काहीतरी बिघडलं आहे. पण गुण त्याच्या हातात, छडी नसली तरी आवाज त्याचाच, ऑनलाइन माहिती भरणं त्याच्याकडे, निवडणुकीचं काम त्याच्याकडे. दुसऱ्या तासाला ज्यांनी वर्गासमोर उभं केलं त्यांच्याकडेच पाचव्या तासाला मन मोकळं कर, असं मुलाला कसं सांगणार?

नालंदाची दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तिथला माणूस खोलीत बसून राहिला नाही. परिपाठाच्या वेळी बोलणं, भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांचे गट आणि मुलांनी आपल्या अडचणी लिहून टाकायची पेटी, हे सगळं त्याच्या कामात होतं. एकेकट्या मुलाचं समुपदेशन हा त्यातला एक भाग. पेटी तर आपल्याही शाळांमध्ये आहे. तक्रारपेटी सक्तीचीच आहे. कार्यालयाच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी ती टांगलेली असते, आणि कोण चिठ्ठी टाकतंय हे शिपाईकाकांनाही कळतं. पेटी तीच, पण नालंदात तिच्यातल्या चिठ्ठ्यांचं पुढे काहीतरी करायला पूर्ण वेळ एक माणूस होता.

वर्गात मानसिक आरोग्याचे 'तास' घेऊन भागेल असं वाटणाऱ्यांसाठी ब्रिटनकडे एक नजर टाकायला हरकत नाही. तिथे ऐंशीहून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला आणि त्यातल्या सुमारे निम्म्या मुलांना सजग ध्यानाचे धडे त्यांच्याच शिक्षकांनी दिले. 2022 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पुष्कळ मुलांनी घरी सरावच केला नव्हता. ज्याने कधी तेरा वर्षांच्या मुलांना डोळे मिटून बसवलं आहे त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

मग करायचं काय? माझा कल असा आहे की समुपदेशक शाळेचा नोकर असू नये. महाराष्ट्रात आठ-दहा शाळांचं केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख ही रचना प्राथमिक शाळांसाठी रुळलेली आहे. तशाच चार-पाच माध्यमिक शाळांच्या गटामागे दोन समुपदेशक, पगार शाळेबाहेरून, आणि कामावर देखरेख जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य पथकाची. आजार वाटेल ते मूल त्याच वाटेने पुढे पाठवता येईल. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. बाहेरून येणारा माणूस 'गुरुवारच्या मॅडम' होऊन राहतो. त्याच्याशी बोलायचं तर मुलाला गुरुवारपर्यंत थांबावं लागतं, आणि पंधरा वर्षांच्या वयात गुरुवार फार लांब असतो. शिवाय शिक्षकखोलीत त्याच्याकडे तपासनीस आल्यासारखं पाहतात, चहा देतात आणि विषय बदलतात. म्हणून गटाचा असला तरी तो रोज कुठल्यातरी शाळेत पूर्ण दिवस हवा, आणि चार-पाच शाळांच्या वर त्याच्याकडे देऊ नयेत. यात पैसा लागेल. एका शिक्षकाला जादा चार्ज देण्यापेक्षा नक्कीच जास्त लागेल. तरीही शिक्षकाच्या माथी मारलेल्या योजनेतून फरक पडत नाही हे नालंदात दिसल्यावर त्या योजनेला स्वस्त म्हणणं मला जमत नाही.

निकालानंतर मला अधूनमधून शाळांचे फोन येतात. आठवड्यातून एक दिवस याल का, तपासणीच्या वेळी नाव दाखवता आलं पाहिजे, असं काही जण मोकळेपणाने सांगतात. मी तीन गोष्टी विचारते. खोली कुठे असेल? मुख्याध्यापकांच्या केबिनमधूनच वाट असेल तर नको. वही कुणाकडे राहील? माझ्याकडे, कुलपात. या दोन्हींना बहुतेक शाळा हो म्हणतात. तिसरं विचारते, शिक्षकसभेला मी बसू शकेन का आणि घटक चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवणं बंद करा असं तिथे म्हणू शकेन का? इथे फोनवर जरा थांबणं होतं. 'त्याचं बघू, आधी तुम्ही या तर' असं उत्तर येतं. एका मुख्याध्यापकांनी मात्र लगेच विचारलं, 'गुण वाचायचे नाहीत तर मग पोरं अभ्यास कशाला करतील?' त्या शाळेत मी जायला लागले आहे. सरांचं आणि माझं याच्यावर दर महिन्याच्या सभेत वाजतं. गेल्या सहामाहीला आठवीच्या दोन तुकड्यांत गुण वाचून दाखवले नाहीत, नववी-दहावीत दाखवले, आणि आता सहामाहीचा निकाल काढून दोन्हीकडची तुलना करूया म्हणून सर अडून बसले आहेत.