निकाल न लागलेले नायक

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून निपाणीस आला होता. फराळाचे ताट समोर असताना त्याने एकाएकी विचारले, "काका, खटला ऐन रंगात असताना न्यायाधीशच उठून घरी गेले, तर आरोपीचे काय होते?" प्रश्न कायद्याचा आहे अशा समजुतीने मी बदली, पुढील तारीख, नवे न्यायाधीश वगैरे सांगू लागलो. तो हसला. त्याचा आरोपी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला होता, आणि तो मुळात अस्तित्वातच नव्हता.

ल्यूक केज हे त्याचे नाव. निरपराध असून तुरुंगवास भोगलेला, आणि पुढे बंदुकीची गोळीही ज्याची कातडी भेदू शकत नाही असा झालेला हा सुपरहिरो. नेटफ्लिक्सने 2016 साली त्याची मालिका सुरू केली. तिचा दुसरा खंड जून 2018 मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती बंद झाल्याचे जाहीर झाले. मालिका बंद पडायच्याच. परंतु ही कोठे बंद पडली ते पाहावे. वस्तीतील गुन्हेगारीची सूत्रे जेथून हलत, तो नाइट क्लब त्याची वैरीण मृत्युपत्राने त्यालाच देऊन मरते. तो ते दान स्वीकारतो. आतून ताबा ठेवला तर वस्तीत शांतता नांदेल, असा त्याचा युक्तिवाद. अखेरीस तो त्या क्लबात धन्याच्या तोऱ्यात वावरतो. भेटीस आलेल्या एके काळच्या प्रिय स्त्रीला दारातूनच परत पाठवतो. आणि पोलिसात असलेली त्याची सहकारीण त्याच्याकडे साशंक नजरेने पाहत राहते. तेथे पडदा पडला. सत्तेने तो बिघडला, की सत्तेलाच त्याने वळण लावले, हे कोणी सांगितले नाही.

यात बिघडले काय, असे कोणीही शहाणा मनुष्य विचारील. कल्पित पात्रावर अन्याय कसा व्हावा? कायदा या शहाण्या मनुष्याच्याच बाजूचा आहे. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या हयातीपर्यंत व त्यानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनाला संरक्षण देतो. लेखनाची विटंबना झाल्यास तक्रार करण्याचा खास हक्कही त्याला देतो. पात्राला मात्र तो काही देत नाही, आणि वाचकालाही नाही. पात्र ना वादी, ना प्रतिवादी. ते मिळकतीत मोडते. स्वतःच्या मिळकतीस कुलूप लावणाऱ्याला जाब कोण विचारणार?

मला हे मान्य होते. कारण माझ्या लहानपणीही एक नायक असाच नाहीसा झाला होता आणि माझे काही अडले नव्हते. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत एक वाचनालय होते. चार आण्यांत एक दिवसासाठी इंद्रजाल कॉमिक्सचा अंक मिळे, आणि त्याच्या पानांनाही तंबाखूचा दर्प असे. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964 मध्ये सुरू केलेले हे अंक 1990 साली बंद झाले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्यांतला वेताळ परदेशचा; त्याला पर्वा नव्हती. बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जगाला वाटते की हा अमर आहे, अशी त्याची योजनाच होती. त्याचे जनक ली फॉक 1999 साली वारले, तरी तो दुसऱ्यांच्या हातून चालूच राहिला. बहादूर मात्र आपला. आबिद सुरती यांनी 1976 साली निर्माण केलेला, डाकूच्या पोटी जन्मून डाकूंविरुद्ध उभा राहिलेला, भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला. अंक बंद झाले आणि त्याला वारस उरला नाही. मी दोन-तीन आठवडे वाचनालयात चकरा मारल्या, मग क्रिकेटकडे वळलो.

पुतण्याचे दुःख मला पोरकट वाटले ते यामुळेच. पुढे विचार करता भेद ध्यानात आला. बहादूरची गोष्ट अंकागणिक पुरी होई. तो नाहीसा झाला तेव्हा त्याच्यावर कसलाही आरोप प्रलंबित नव्हता. नोकरी सुटलेल्या माणसासारखा तो निघून गेला. आजच्या मालिकांची रीत निराळी. त्या नायकाला वर्षानुवर्षे एकाच नैतिक प्रश्नात गुंतवून ठेवतात, त्याचा अपराध घडवतात, आणि पश्चात्तापाची सोय पुढच्या वर्षावर टाकतात. ते वर्ष आले नाही, तर उरतो तो केवळ आरोप.

असा उरलेला आरोप मी एकदा जवळून पाहिला आहे. एका सहकारी संस्थेतील वृद्ध कारकुनावर पैशांचा अपहार व खोटे हिशेब लिहिणे, असे दोन आरोप शाबीत झाले होते. शिक्षा कैदेची होती. वरच्या कोर्टात अपील चालू असताना तो वारला. सामान्यतः अपील करणाऱ्या आरोपीबरोबर त्याचे अपीलही संपते. परंतु जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या 394 व्या कलमात एक विलक्षण माणुसकीची तरतूद होती, आणि ती आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही टिकून आहे. मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत आई-बाप, पती वा पत्नी, वंशज, भाऊ किंवा बहीण यांनी परवानगी मागितली, तर अपील पुढे चालू शकते. तुरुंगात धाडायला कोणी उरलेला नसतो. प्रश्न असतो तो नावाचा.

त्या कारकुनाचा मुलगा पंचविसाव्या दिवशी माझ्याकडे आला. अर्ज लिहिता लिहिता मी त्याला स्पष्ट सांगितले, "निकाल विरुद्धही जाईल. आता निदान अपील अर्धवट राहिले असे तरी लोकांना सांगता येते. मग तेही सांगता येणार नाही." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, अर्धवट नको," आणि त्याने सही केली. निकाल अर्धाच बाजूने लागला: अपहाराचा डाग पुसला गेला, खोट्या हिशेबांचा कायम राहिला. त्याने निकालाची नक्कल मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

वाचकाचे पात्राशी नाते असलेच, तर ते या मुलाचे नाते असावे, असे मला वाटते. मालकी त्याची नाही. अर्ज करण्याचा हक्क मात्र असावा. आणि येथेच आपण बहुतेक वाचक कमी पडतो. बंद पडलेल्या मालिकेचा शेवट आपण मनात रचतो तेव्हा आपल्या नायकास निर्दोष सोडून मोकळे होतो. ल्यूक केज खरोखरच बिघडला असेल, ही शक्यता ऐकून घेण्याची आपली तयारी नसते. मालकही काही कमी नाहीत. त्याच घराण्यातला डेअरडेव्हिल, जो दिवसा अंध वकील असतो, 2018 साली बंद झाला, 2021 साली एका चित्रपटात क्षणभर डोकावला आणि 2025 साली स्वतःची मालिका घेऊन परतला. आमच्या व्यवसायबंधूचे नशीब थोर! सर्वांना ते लाभत नाही.

या मासिकाच्या कोकणी वाचकांना वेताळाची ओळख मी करून द्यावी असे नाही. गोव्यात तो बेताळ, आरवलीत वेतोबा. आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरून आम्ही एकदा शिरोड्याकडे गेलो असता आरवलीच्या देवळात थांबलो. भव्य उभी मूर्ती, आणि भक्तांनी वाहिलेल्या प्रचंड चपला. देव रात्री गावाभोवती फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या, अशी श्रद्धा आहे. आमच्या भागात चपलांचा धंदा जुना, त्यामुळे मी शिवण न्याहाळत राहिलो. देवाने कोठे जावे हे त्या वाहणाऱ्याने ठरवलेले नसते. अंधारात तो कोणाला भेटतो, काय करून येतो, तेही त्याला ठाऊक नसते.

भाऊबीज उरकून पुतण्या निघाला तेव्हा त्याने मला एक वही दाखवली. तीत त्याने ल्यूक केजचा शेवट स्वतः लिहिला होता: क्लबला कुलूप, वस्तीत आनंदीआनंद. मी विचारले, "आणि त्याने कुलूप लावलेच नाही तर?" त्याने वही मिटली. गाडीत बसल्यावर खिडकीतून मी पाहिले, तर ती पुन्हा मांडीवर उघडलेली होती आणि शेवटच्या पानावर त्याने आडवी रेघ मारली होती.