आजचं चिंतन : गीता १८.१४ आणि अडकलेलं खरेदीखत



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला, चौदावा. कुठलंही कर्म घडायला भगवंत पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव.

हल्ली हा श्लोक रोज आठवतो. वालचंदनगरजवळचं आमचं घर विकायचंय. साठेखत झालं, विसार मिळाला, पण घेणाऱ्याचं होमलोन अडकलं आणि खरेदीखत दीड महिना लांबलं. बँकेच्या वकिलाला ३० वर्षांचा सर्च हवा, तो दिला की आणखी एक उतारा हवा. इकडे पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता तोंडावर.

श्लोकात बसवून बघा. अधिष्ठान म्हणजे खरं तर देह, आपण इथे घर म्हणू. कर्ते आहेत, कागद आहेत, इंदापूरच्या फेऱ्याही चालू आहेत. चार कारणं हजर, तरी काम होत नाही. सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, एवढं असून जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. मला वाटतं, जो समोरच्या एकालाच दोषी धरतो त्याचंही तेच.

खरी परीक्षा पुढे आहे. दुसरा एक जण जास्त पैसे देऊन लगेच घ्यायला तयार आहे. साठेखताची मुदत संपलीय, विसार जप्त करायचं कलमही आहे. मग सोडायचं का पहिल्याला?

इथे मला तुकोबा आठवले. त्यांची पालखी दरवर्षी आमच्या जवळून, सणसर-बेलवाडीवरून जाते. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळे सांगतो. पण परंपरा असंही सांगते की आधी वाटणी केली, भावाची खतं भावाला दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. हे मला फार मोठं वाटतं. उदार व्हायचं ते आपल्या वाट्यातून! (साठेखत नीरा नदीत सोडा असं मी म्हणत नाहीये, ईएमआय सगळ्यांनाच आहे.)

घर बाबांच्या नावावर, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, तो पळून गेलाय का? रोज फोन करतोय ना? दे अजून महिना."

दिला. पण तोंडी नाही, रीतसर मुदतवाढ लिहून. फ्लॅटच्या हप्त्याला उशीर झाल्याचं जे व्याज लागेल ते मी भरणार, बाबांच्या पैशांना हात न लावता. सोमवारी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा आणायचाय, बँकेने आता तो मागितलाय.