शुभ बोल नाऱ्या!

"आजोबा, हा दोर तुटला तर?"

माझ्या सहा वर्षांच्या नातीने हा प्रश्न विचारला, तेव्हा आमच्या पायांखाली जमीन नव्हती. चिरंजीवांकडे कॅनडात उन्हाळा काढायला गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. नायगारा नदी धबधब्यावरून कोसळून काही किलोमीटर पुढे गेली, की एका खोल घळीत एकदम वळते आणि त्या वळणावर पाण्याचा प्रचंड भोवरा गरगरत राहतो. त्या भोवऱ्यावरून, सुमारे २०० फूट उंचीवरून, पोलादी दोरांना टांगलेला एक उघडा पाळणा आम्हांला पलीकडच्या कड्याकडे नेत होता. गंमत अशी, की त्याची दोन्ही टोके कॅनडातच आहेत. पण नदीच्या वळणामुळे एका जाऊन-येऊन फेरीत तो अमेरिकेची सरहद्द चार वेळा ओलांडतो. ही गंमत मी नातीला सांगणार होतो. तेवढ्यात तिने वरचा प्रश्न टाकला.

"असं अभद्र बोलू नये, बाळ. काही तुटत नाही," मी म्हणालो.

तिने दोरांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "पण तुटला तर?"

मी तिला भोवरा दाखवू लागलो. वडीलधारी माणसे उत्तर नसले म्हणजे असेच काहीतरी दाखवू लागतात.

घरी परतल्यावर तो प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी ज्या दोरांविषयी एवढ्या खात्रीने बोललो, त्यांची मला काडीइतकीही माहिती नव्हती. मग त्या पाळण्याच्या कर्त्याविषयी मिळेल ते वाचले. लिओनार्दो तोर्रेस केवेदो हे त्या स्पॅनिश अभियंत्याचे नाव. जन्म १८५२ चा. १८८७ मध्ये त्याने आपल्या गावाकडच्या दरीवर एक दोरमार्ग उभारला, तो गाई ओढत असत! १९०७ मध्ये सान सेबास्तियान शहराजवळच्या उलिया डोंगरावर त्याने प्रवाशांसाठी पाळणा सुरू केला आणि १९१६ मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, नायगाऱ्यावरचा.

त्याची युक्ती समजायला अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी पुरे. आपण ती दोन खांबांना घट्ट आवळून बांधतो. एखाद्या दिवशी गृहिणी तिच्यावर ओली गोधडी टाकते. दोरीवरचा ताण वाढतो, किती वाढला ते कोणाला कळत नाही, आणि दोरी तुटते. आता समजा, दोरीचे एकच टोक बांधले, दुसरे कप्पीवरून खाली सोडले आणि त्याला एक धोंडा टांगला. मग गोधडी टाका, सतरंजी टाका. दोरी खाली झुकेल, धोंडा थोडा वर सरकेल, पण दोरीवरचा ताण धोंड्याच्या वजनाएवढाच राहील. उन्हाने दोर लांबला, थंडीने आखडला, तरी हिशेब तोच.

तोर्रेस केवेदोने पाळण्याचा भार सहा दोरांवर ठेवला आणि प्रत्येकाला सुमारे १० टनांचे वेगळे वजन टांगले. त्यातला एक दोर तुटला तर काय होईल? उरलेले पाच थोडे अधिक खाली झुकतील, पाळणा तेवढा खाली येईल. पण तुटलेल्या दोराचा ताण त्यांच्यावर येऊन आदळणार नाही. ज्याचा ताण त्याच्या वजनाएवढाच.

म्हणजे माझ्या नातीने १०० वर्षांनंतर विचारलेला प्रश्न त्या गृहस्थाने स्वतःला आधीच विचारला होता! मी ज्या वाक्याला अभद्र म्हणून दडपले, त्याच वाक्यातून तो पाळणा जन्मला होता.

आपल्याकडे अभद्र वाक्याचे भय फार. वास्तू सदा 'तथास्तु' म्हणत असते, असे आमची आजी सांगे. म्हणून दिवेलागणीला वाईट बोलायची बंदी होती. 'शुभ बोल नाऱ्या' म्हटल्यावर मांडवाला आग लागल्याचे सांगणाऱ्या नाऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो. परंतु वाचकहो, मांडवाला खरोखरच आग लागली असेल, तर त्या बिचाऱ्याने दुसरे काय सांगायला हवे होते?

यावर कोणी म्हणेल, की असा सदा वाईट चिंतणारा माणूस सुखाने जगणार कसा? प्रत्येक दोराची शंका घेत बसलो, तर कोणत्याच पाळण्यात पाऊल टाकता येणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. आमच्या एक मावशी जन्मभर काळजी करीत राहिल्या. त्या काळजीने त्यांचे रक्त आटले, पण घरातले एकही संकट टळले नाही. परंतु काळजी निराळी आणि तरतूद निराळी. काळजीला शेवट नसतो. तरतूद एक वजन टांगते आणि मग माणसांना खुशाल बसा म्हणते. प्रवाशाने निःशंक बसावे, कारण त्याच्या वाटची शंका कोणीतरी घेऊन ठेवलेली असते. ती शंकाच कोणी काढून घेतली, तर प्रवाशाच्या विश्वासाची फसवणूक होते.

अशी फसवणूक घडलीही आहे. इटलीत माज्जोरे सरोवराकाठच्या मोत्तारोने डोंगरावर २३ मे २०२१ रोजी पाळणा ओढणारा दोर तुटला. अशा वेळी भार पेलणाऱ्या दोराला घट्ट धरून ठेवणारा संकटकालीन ब्रेक तिथे होता. पण तो अधूनमधून विनाकारण लागे, फेऱ्या खोळंबत. म्हणून तो लागूच नये अशी सोय करून ठेवलेली होती. पाळण्यातल्या १५ जणांपैकी १४ जण गेले. एक पाच वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. ज्यांनी तो ब्रेक अडकवून ठेवला, त्यांच्या मनात कोणाचे वाईट नसणार. 'काही तुटत नाही' एवढेच त्यांना वाटत असणार. मी माझ्या नातीला हेच म्हणालो होतो! फरक इतकाच, की माझ्या हातात ब्रेक नव्हता.

पण खरोखर माझ्या हातात काहीच नाही का? आमचे वडील १९६४ साली अचानक गेले. 'मी नसलो तर' हे वाक्य त्यांनी कधी उच्चारले नाही आणि इतरांनी उच्चारू दिले नाही. विम्याचा कागद कुठे, कोणाचे देणे किती, आईला काहीच ठाऊक नव्हते. तो कागद सात महिन्यांनी सापडला, पेटीच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. तोवर तिने बांगड्या मोडल्या होत्या. एक दोर तुटला आणि सारा ताण तिच्या एकटीवर आला. वडिलांचे आम्हांवर प्रेम नव्हते, असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. त्या प्रेमाला एक अभद्र वाक्य उच्चारण्याचे धैर्य झाले नाही, एवढेच.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी मी एक वही केली आणि सौभाग्यवतींपुढे ठेवली. मी नसलो तर काय कुठे आहे, ते तीत लिहिले होते.

"सणासुदीला हे काय अभद्र!" त्या म्हणाल्या.

मी अंगणाकडे बोट दाखवले. मुलांनी फुलबाज्या पेटवायला घेतल्या होत्या आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली होती. ती स्वतः सौभाग्यवतींनीच भरून ठेवली होती. दरवर्षी त्याच ठेवतात. त्या काही बोलल्या नाहीत. पण वही उचलून त्यांनी कपाटात ठेवली, दागिन्यांच्या डब्याशेजारी.

पाडव्याला कॅनडाहून फोन आला. मी नातीला म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं बरं का. दोर तुटला तर पाळणा थोडा खाली येतो. बाकीचे पाच दोर त्याला धरून ठेवतात."

ती क्षणभर गप्प राहिली.

"आणि आजोबा, दुसरा तुटला तर?"

या खेपेला मी तिला भोवरा दाखवला नाही. म्हटले, "कागद-पेन्सिल घे. आपण दोघं मिळून बघू."