मिटलेले पाते

चाचांच्या इंतकालानंतर चाळिसाव्याच्या दिवशी आम्ही घरातली पत्र्याची पेटी उघडली. आत मऊ फडक्यात गुंडाळलेले अकरा चाकू निघाले. सगळे मिटणारे, खटक्याचे. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची पितळेची, कुणाची शिसवी. चाचांना हा छंद होता हे आम्हाला ठाऊक होते. या पेटीचा वारस कोण, हा प्रश्न मात्र त्या दिवशी प्रथमच पडला. मोठे भाऊ म्हणाले, "शहरात शौकीन आहेत, किंमत चांगली येईल." फुफीने एका वाक्यात निकाल दिला, "बावडी में डाल देव."

फुफीचे बोलणे हसण्यावारी नेता येत नाही. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा आमच्या आजोबांनी घरातले पाते असलेले सगळे, भाजीच्या सुरीसकट, विहिरीत टाकले होते. 1992 च्या डिसेंबरात चाचांनी हीच पेटी रात्रीतून कडब्याच्या गंजीखाली लपवली होती. मुसलमानाच्या घरातला चाकू नुसता चाकू राहत नाही, हे कळायला फुफीला शाळा लागली नाही.

मुळात हे चाकू कशासाठी होते? 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वी इकडे शिकारी होत. शिकारीच्या मेळ्यात मुसलमान गडी असला, की त्याचे काम ठरलेले. गोळी लागून जनावर पडले, की धावत जाऊन, त्यात जीव आहे तोवर, जिबह करायचे. धावणाऱ्याच्या कमरेला उघडे पाते परवडत नाही, म्हणून चाकू मिटणारा. आणि जनावराने झटका दिला तर पाते आपल्याच बोटांवर मिटू नये, म्हणून खटका. मुठीच्या पाठीवर पोलादी पट्टी असते. पाते पुरते उघडले की पट्टीचे नाक पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बसते आणि कमान तिला दाबून धरते. पाठीवर अंगठा दाबल्याखेरीज पाते मिटत नाही. अमेरिकेतल्या बक कंपनीचा 1964 मधला शिकारी चाकू याच बांधणीचा, आणि तो जगभर गेला.

आपल्याकडे मात्र मिटणारा चाकू म्हटले की रामपुरी आठवतो, आणि रामपुरी म्हटले की सिनेमातला गुंड. उत्तर प्रदेशातल्या त्या गावच्या कारागिरांची कला पडद्याने बदनाम केली. त्याच रामपूरने 2023 मध्ये चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभा केला. ज्याची लाज बाळगायची, तीच गावाची ओळख झाली.

आमच्यापुढचा प्रश्न असा: जीव घेण्यासाठी घडवलेल्या वस्तूवर, ती सुंदर आहे म्हणून, प्रेम करावे काय? चाचांचे उत्तर सोपे होते. "चाकू का कसूर नइं, हात का रहता." म्हणजे सारे नियतीवर नव्हे, नियतवर. हे उत्तर आम्हाला अर्धेच पटते. पात्याचा बाक उगाच आलेला नाही. तो गळ्यासाठी आला आहे. त्या बाकाला वाहवा देणारा त्या कामालाही नकळत वाहवा देतो. आमच्या धर्माने जिबह करणाऱ्याला दोन गोष्टी बजावल्या आहेत: पाते धारदार ठेवा, आणि जनावरासमोर धार लावू नका. म्हणजे जीव घेणाऱ्याने त्या जिवाचे भान सोडू नये. संग्राहकाला हे भान कोण देणार? त्याच्या पेटीत पाते आहे, रक्त नाही. संग्रहाचा हाच धोका आहे.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाला दिल्या. संग्रहालयाला नाव अकाली गेलेल्या मुलाचे. अडकित्ता म्हणजे तरी काय? एक खिळा, दोन दांड्या आणि एक पाते. त्याला कुणी भीत नाही, कारण त्याची सुपारी चार माणसांत वाटली जाते. लोखंड तेच. भीती आणि आदर हे लोखंडात नसतात, ते आपल्या बैठकीत असतात.

आणि आमच्या बीड जिल्ह्यात पात्याचे खरे नाव कोयता. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. माणसाचीच मोजणी पात्यात होते. शस्त्र कायद्याचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना मागतात, शेतीची आणि घरची अवजारे वगळतात. हे योग्यच आहे. पण कायदा पाते मोजतो. नियत मोजायला त्याच्याकडे पट्टी नाही. आणि शेजाऱ्याच्या मनातली शंका मोजायला तर कुणाकडेच नाही.

विहिरीत टाकणे हा भीतीचा निर्णय झाला असता, विकणे हा किमतीचा. आम्ही तिसरे केले. पेटी ओट्यावर आणली. शिकलगारांच्या नावामागे 'सैकल' हा शब्द आहे, म्हणजे गंज काढून झिलई देणे. चाचा दर जुम्म्याला तेच करीत. आम्हीही नमाजनंतर ओट्यावर बसून चाकू पुसू लागलो, सगळ्यांच्या देखत.

पहिल्या जुम्म्याला गल्लीतली मुले लांबून पाहत राहिली. दुसऱ्या वेळी शेजारचे तात्या आले. ऊसतोडीत त्यांची निम्मी जिंदगी गेली. त्यांनी शिंगाच्या मुठीचा चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. म्हणाले, "खटका बेस आहे. कशाला वापरत होते?"

आम्ही जनावर, धावणारा गडी, जिबह, सगळे सांगितले. तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जनावराला फार वेळ तडफडू द्यायचं नाही, यासाठीच की." त्यांनी पाते मिटून चाकू आमच्या हातात दिला आणि घरात जाऊन आपला कोयता धार लावायला घेऊन आले.

चाकूवर प्रेम करावे की नाही, याचे पुरते उत्तर आमच्याजवळ अजून नाही. पण प्रत्येक पात्याची कहाणी सांगायची, त्यातले रक्त न लपवता सांगायची, एवढी अट आम्ही स्वतःला घातली आहे. फुफी अजून रागातच आहे. तरी परवा तिने फडके धुऊन पेटीजवळ ठेवले.