आयुष्याची मुदत

एच.आय.व्ही.चा संसर्ग जडलेल्या मनुष्याने आपल्यापुढे आणखी किती आयुष्य आहे असे विचारले असता आज वैद्य जे उत्तर देतो, ते पुणे शहराच्या लोकमानसात अद्याप उतरलेले नाही. आणि ते उतरलेले नसणे हेच आता अनेकांच्या अकाली मृत्यूचे एक प्रमुख कारण होऊन बसले आहे, असे माझे मत आहे.

1992 साली पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा ते उत्तर फार निष्ठुर होते. संसर्गापासून आजार प्रकट होईपर्यंत साधारणतः आठ-दहा वर्षे, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे, असा हिशेब होता. झिडोव्हुडिन हे औषध 1987 पासून वापरात होते खरे; परंतु एकट्या औषधाला विषाणू थोड्याच काळात दाद देईनासा होई. 1996 साली तीन औषधांचा एकत्रित उपचार सिद्ध झाला आणि पाश्चात्त्य देशांतील मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली; पण त्या उपचाराचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात असल्याने भोसरीच्या कामगाराला त्या शोधाचा उपयोग शून्य होता. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला 350 डॉलरांत देऊ केली, आणि 1 एप्रिल 2004 पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांतून ती विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. आरंभी सीडीफोर या रोगप्रतिकारक पेशींची संख्या 200 च्या खाली उतरल्याखेरीज बहुतेकांना औषध सुरू होत नसे. ही मर्यादा पायरीपायरीने वर सरकत गेली आणि 2017 मध्ये निदान होताच उपचार हे धोरण सरकारने स्वीकारले.

या धोरणामागील पुराव्याचा काही भाग याच शहरात घडला आहे. नऊ देशांतील 1763 जोडप्यांवर जो जगद्विख्यात प्रयोग झाला, त्याचे एक केंद्र भोसरीची हीच संस्था होती. आणि लवकर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हा त्याचा निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाला. रक्तातील विषाणू औषधाने दबून तपासणीत आढळेनासा झाला म्हणजे लैंगिक संबंधातून तो दुसऱ्यास जात नाही, हे पुढील अभ्यासांनी निश्चित झाले.

आता मुदतीकडे वळू. युरोप व उत्तर अमेरिकेतील रुग्णांच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार, 2015 नंतर उपचार सुरू केलेल्या चाळीस वर्षांच्या पुरुषाला आणखी सुमारे 37 वर्षांचे आयुष्य अपेक्षित आहे. तेथील सर्वसामान्य पुरुषाला सुमारे 41 वर्षांचे. स्त्रियांच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे 39 व 46 आहेत. ज्यांच्या सीडीफोर पेशी पुरेशा असताना उपचार सुरू झाले त्यांच्यात हे अंतर जवळजवळ मिटते. ज्यांचे निदान उशिरा झाले त्यांच्यात ते कितीतरी रुंदावते. हे आकडे जसेच्या तसे पुण्याला लावणे शहाणपणाचे होणार नाही, कारण आपल्याकडे क्षयरोग अजून दाराशी उभा आहे आणि या रुग्णांचा तोच सर्वांत मोठा वैरी आहे. परंतु त्यांतील क्रम आपल्यालाही लागू पडतो: कोणत्या टप्प्यावर निदान झाले आणि गोळ्या खंड न पडता चालू राहिल्या की नाही, या दोन गोष्टींवर मुदत अवलंबून राहते.

आणि या दोन्ही गोष्टींवर सत्ता चालते ती भयाची. लक्षणे दिसत असूनही तपासणी लांबणीवर टाकणारा मनुष्य विषाणूला भीत नसतो. तो घरमालकाला, मुकादमाला, मुलीच्या होऊ घातलेल्या सासरला भीत असतो. जवळच्या एआरटी (विषाणूविरोधी उपचार) केंद्रावर कोणी ओळखीचे भेटेल म्हणून जो दूरच्या गावचे केंद्र पत्करतो आणि त्यापायी दर खेपेला एका दिवसाची मजुरी घालवतो, ज्या सुनेला गोळ्यांची डबी धान्याच्या कोठीत लपवून ठेवावी लागते आणि घरात पाहुणे असतील त्या रात्री गोळी चुकवावी लागते, त्यांचा उपचार खंडित झाला तर त्याचा दोष त्यांच्या निष्काळजीपणाला देणे हा अन्याय आहे. कलंकाची चर्चा आपण सौजन्याचा प्रश्न म्हणून करतो. वस्तुतः त्याची किंमत वर्षांत मोजली जाते.

यात स्त्रियांचा प्रश्न मला विशेष गंभीर वाटतो. 1997 साली पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांतील पाहणी प्रसिद्ध झाली, तीत वेश्याव्यवसायात नसलेल्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के स्त्रियांना संसर्ग झालेला आढळला, आणि त्यांतील बहुतेकींचा संबंध केवळ आपल्या पतीशीच होता. त्या काळातील अशा कितीतरी स्त्रियांना पतीच्या मृत्यूनंतर सासरच्या मिळकतीत वाटा मिळाला नाही, कारण ही तरी किती दिवसांची सोबतीण, असा व्यवहारी विचार घरोघर झाला. ज्यांच्यापर्यंत औषध वेळेवर पोहोचले, त्या जगल्या. आज त्या पन्नाशी-साठीच्या आहेत, आणि वारसाहक्काच्या कागदांत त्यांचे नाव नाही. ‘मानव्य’ ही संस्था विजयाताई लवाटे यांनी 1997 मध्ये संसर्गित मुलांसाठी काढली, तेव्हा त्या मुलांच्या शिक्षणापेक्षा त्यांचे शेवटचे दिवस सुखाचे कसे जातील, हीच चिंता सर्वांच्या मनी होती. त्या पिढीतील जी मुले वाचली ती आज नोकरी, घर आणि विवाह यांचा विचार करण्याच्या वयात आहेत.

कायदा लोकमानसाच्या पुष्कळ पुढे गेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 सालीच, काम करण्यास समर्थ असलेल्या मनुष्याला केवळ संसर्गाच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असा निवाडा दिला होता. 2017 चा एच.आय.व्ही. व एड्सविषयक अधिनियम 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आला. त्याने नोकरी, शिक्षण, घरभाडे व दवाखाना येथील भेदभावास मनाई केली. विम्याच्या बाबतीत मात्र त्याने एक वाट मोकळी ठेवली: विमागणिताच्या अभ्यासाचा आधार असेल तर वेगळी वागणूक चालते. ही वाट तत्त्वतः मला मान्य आहे, कारण विमा हा हिशेबाचाच धंदा आहे. पण तो हिशेब 1996 पूर्वीच्या मृत्यूंवर बेतलेला असेल, तर तो कायद्याच्या आडून चाललेला जुनाच भेदभाव ठरेल. गृहकर्ज, मुदतीचा विमा, निवृत्तिवेतन या सर्व गोष्टी माणसाच्या पुढील वीस-तीस वर्षांवर विश्वास टाकतात. आणि असा विश्वास टाकण्याइतका पुरावा ससून रुग्णालयाच्या व जिल्ह्यातील इतर केंद्रांच्या दप्तरांत गेल्या दोन दशकांत साचलेला आहे. रुग्णांची नावे वगळून, उपचार सुरू झाला तेव्हाच्या सीडीफोरनुसार गट पाडून, त्या दप्तरांतून पुण्याची स्वतःची आयुर्मानसारणी दर काही वर्षांनी तयार व्हावी, आणि अर्ज फेटाळणाऱ्या प्रत्येक विमा कंपनीला आपला नकार तिच्याशी ताडून लेखी द्यावा लागावा, अशी तजवीज शासनाने केली पाहिजे.