ग्रंथ आणि ग्रंथाचा वाचक

जो ग्रंथ ईश्वरी शब्द म्हणून शिरोधार्य मानावयाचा, त्याचा अर्थ कोणी व कसा लावावयाचा? ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न जुनाच आहे. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्यास जे उग्र स्वरूप आले, ते विसरण्याजोगे नाही. गुलामगिरीचे समर्थक व विरोधक या उभयतांच्या हाती बायबलच होते. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, या पौलाच्या नावे असलेल्या पत्रांतील उपदेशाकडे एक पक्ष बोट दाखवी. मिसरच्या दास्यातून इस्राएल लोकांची झालेली सुटका दुसरा पुढे करी. गुलाम बाळगणाऱ्यांस मिशनरी नेमावे की नाही, या वादातून १८४५ मध्ये दक्षिणेकडील बाप्टिस्टांनी आपला निराळा संघ स्थापिला. त्याच संघाने १९९५ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. ग्रंथ तोच होता. वाचणारा बदलला होता.

मग ग्रंथाचे प्रामाण्य ते काय उरले, असे कोणी विचारील. आमच्या मते ते उरते. मात्र वाचकाची जबाबदारी त्याने टळत नाही. ज्या अर्थाने ईश्वरावरील व शेजाऱ्यावरील प्रेम वाढत नाही, तो लावणाऱ्यास ग्रंथ कळलाच नाही, अशी कसोटी संत ऑगस्टीनने फार पूर्वी सांगितली. पण खुद्द तोही गुलामगिरीस पापाचे फळ मानी. ती मोडून टाकावी, असे त्याने सांगितले नाही. कसोटी ठाऊक असणे निराळे आणि ती स्वतःस लावणे निराळे.

म्हणून आम्हांस वाटते, कोणत्याही वचनाचा अर्थ लाविताना त्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे आधी पाहावे. जो अर्थ आपणांस सुख व दुसऱ्यास बेडी देतो, त्याविषयी श्रद्धावंतानेच प्रथम शंका घ्यावी.