वारसा आणि वेठ

करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. आपण कोण, कुठून आलो, याच्याशी नाते सांगणारे काम निवडा; मग ते नुसते पोटापाण्याचे साधन राहत नाही, त्याला अर्थ येतो. सल्ला चांगला आहे. पण महाराष्ट्रात तो सगळ्यांच्या कानांवर सारखा पडत नाही. गायकाच्या घरातल्या मुलीला तो आशीर्वाद वाटेल. ज्याच्या आजोबांना गावातली मेलेली ढोरे ओढावी लागत, त्या मुलाला त्यात धमकी ऐकू येईल. माणूस कोण आणि त्याने कोणते काम करायचे, याची गाठ आपल्याकडे जन्मतःच मारून दिलेली होती. म्हणून ओळख आणि काम यांचा मेळ घालण्यापूर्वी तो कोणाच्या मर्जीने घालायचा, हे विचारावे लागते.

या प्रश्नावर १९३६ मध्ये मोठा वाद झाला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि मजकूर वाचून कच खाल्ली. अधिवेशन रद्द झाले, तेव्हा आंबेडकरांनी ते भाषण स्वतःच छापले. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातला गाजलेला मुद्दा. पुढचा युक्तिवाद मात्र कमी सांगितला जातो, आणि तो थेट आजच्या विषयाचा आहे. उद्योगधंदे बदलत राहतात, तेव्हा माणसालाही धंदा बदलता आला पाहिजे. जात ते करू देत नाही आणि बेकारी वाढवते. शिवाय जे काम लादलेले आहे आणि ज्याला समाज हीन मानतो, त्यात माणसाचे मन आणि बुद्धी रमणार कशी?

गांधीजींनी ‘हरिजन’मधून उत्तर दिले. अस्पृश्यता आणि उच्चनीच भाव त्यांना मान्य नव्हता. पण प्रत्येकाने वडिलोपार्जित व्यवसायातून उदरनिर्वाह करावा, हा वर्णाचा नियम त्यांना योग्य वाटत होता. धर्मोपदेशकाचे आणि सफाई करणाऱ्याचे काम ईश्वरापुढे सारखेच, असे त्यांचे म्हणणे. आंबेडकरांनी यावर गांधीजींच्याच घराकडे बोट दाखवले. जन्माने वाणी, पण पूर्वजांनी व्यापार सोडून दिवाणगिरी पत्करली आणि स्वतः गांधीजी बॅरिस्टर झाले. तराजू कोणी हाती धरला?

माझ्या मते हा वाद तिथेच निकालात निघाला. सगळी कामे सारखीच पवित्र, असे म्हणणाऱ्याला स्वतःचे काम सोडता येत होते. ज्याला ते सोडता येत नाही, त्याच्यासाठी त्या पावित्र्याला काही किंमत उरत नाही.

म्हणून अर्थपूर्ण कामाच्या आपल्या इतिहासात नकारालाही मानाचे पान द्यायला हवे. गावाची पिढीजात कामे गळ्यात बांधणाऱ्या महार वतनाच्या जोखडातून समाजाला सोडवण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. दरम्यान आणि नंतरही गावोगावी लोकांनी मेलेली ढोरे ओढणे बंद केले. त्यापायी बहिष्कार सोसले, हक्काचे म्हणून मिळणारे धान्य गमावले. वाडवडिलांचे काम नाकारणे हीच त्या पिढीची स्वतःशी असलेली इमानदारी होती.

नकारानंतरही वारसा उरतो. त्याचे काय करायचे, याचे उत्तर अण्णाभाऊ साठे यांनी दिले. १९२० मध्ये वाटेगावच्या मांगवाड्यात जन्म. शाळा जेमतेम दीड दिवसाची. ज्या जातीवर इंग्रज सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जातीतला हा मुलगा मुंबईत आला आणि गिरणीत राबला. तमाशा त्याच्या रक्तात होता, पण तो त्याने जसाच्या तसा चालवला नाही. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशातल्या गणाची रीत बदलली, वगात गिरणी कामगाराचे प्रश्न आणले. पुढे ‘फकिरा’त गुन्हेगार ठरवलेल्या समाजातलाच माणूस नायक झाला, आणि ती कादंबरी त्यांनी आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. वारसा तोच, त्याचा धनी बदलला.

डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांचेही तसेच. वारली घरांत लग्नाचा चौक लिहायचा तो सवाष्णींनी, तांदळाच्या पिठाने, भिंतीवर. जिव्यांनी पुरुष असून, घरात लग्नकार्य नसतानाही, कागदावर आणि कापडावर चित्रे काढली. शेतीची, मासेमारीची, तारप्याच्या नाचाची ही चित्रे परदेशी दालनांपर्यंत गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरेचे नियम मोडूनच त्यांनी ती पुढे नेली, हे त्यांचा गौरव करताना आपण सोयीने विसरतो.

आता कोल्हापुरी चपलेकडे या. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशाच चपला दाखवल्या, मूळ न सांगता. महाराष्ट्रात गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. आपली अस्मिता दुखावली, हे ठीक. पण कातडे कमावणाऱ्याचे हात ज्या चुन्यात आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात बुडालेले असतात, त्या हातांबद्दल ही अस्मिता एरवी कितीशी बोलते? चपलेला प्रतिष्ठा, करणाऱ्याला जात, ही वाटणी मिलानमध्ये झालेली नाही. ती इथलीच आहे. कारागिराचा मुलगा हा धंदा नको म्हणाला, तर त्याला परंपरेची जाण नाही असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

वारसा आणि वेठ यांतला फरक मी दोन गोष्टींवरून करतो. हे काम सोडले तर पोटाला आणि मानाला धक्का न लागता दुसरे करता येते का? आणि करायचेच ठरवले तर ते आपल्या पद्धतीने बदलता येते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच मुळांशी जोडलेल्या कामाचे गोडवे गावेत. एकाचेही ‘नाही’ असेल, तर तो सल्ला म्हणजे जुनीच चाकरी नव्या शब्दांत.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरातली मुले ‘पुढे काय करू?’ असे विचारतील, तेव्हा आडनावापासून सुरुवात करू नका. प्रयोगशाळा, न्यायालय, कारखाना, शेत, रंगमंच सगळे त्यांना दाखवा. आजी-आजोबांचे कसबही दाखवा; त्यातला अपमान लपवू नका आणि त्यातली विद्याही. मग निवड त्यांची त्यांना करू द्या, आणि ती मनासारखी झाली नाही तरी त्यांच्या पाठीशी उभे राहा.